तुमची स्वतःची गोळी

वाचकाचे पत्र (थोडक्यात) :

"माझे वय ४९. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहते. माझे पती ५४ वर्षांचे असून शासकीय कार्यालयात लिपिक आहेत. सात महिन्यांपूर्वी पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. आता ते आधाराने चार पावले टाकतात, डाव्या हाताने जेवतात, पण काहीही विचारले तरी 'हो हो' एवढेच म्हणतात. मात्र आम्ही गणपतीची आरती म्हणायला लागलो की शेवटपर्यंत म्हणतात, चिडले की शिवीही स्पष्ट येते. माझे नाव तेवढे घेत नाहीत. हे मुद्दाम चालले आहे का? रात्री चार-पाच वेळा ताटलीवर चमचा वाजवून मला उठवतात. गेल्या महिन्यात एका रात्री चमचा ऐकू येऊनही मी उठले नाही, झोपेचे सोंग घेतले. सकाळी अंथरूण ओले होते आणि ते जागेच होते, माझ्याकडे बघत होते. त्या दिवसापासून मन मला खाते आहे. यापेक्षा ते सुटले असते तर बरे, असाही विचार एकदा मनात येऊन गेला. सासूबाई म्हणतात, बाहेरची बाई घरात नको. मुंबईचे दीर पैसे पाठवतात. नणंद रोज फोनवर नवे औषध सांगते, परवा कबुतराच्या रक्ताने मालिश करा म्हणाली. मुलगी पुण्याची नोकरी सोडून येते म्हणते, मुलगा बारावीला आहे. कार्यालयातील ओळखीचे लोक म्हणतात, स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज देऊन टाका. शेजारीण म्हणते, कुंकू शाबूत आहे ना, मग रडतेस कशाला. मी वाईट बाई आहे का? (माझीही बीपीची गोळी संपून दोन महिने झाले, आणायला जमलेले नाही.)"

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले आणि तिन्ही वेळा अखेरच्या कंसापाशी थांबले. तुम्ही एवढे प्रश्न विचारलेत, पण ज्या गोष्टीने मला सर्वांत अधिक काळजी वाटली ती तुम्ही प्रश्न म्हणून विचारलीच नाहीत, जाता जाता कंसात टाकली. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करते.

पक्षाघाताची जी कारणे आपल्या हाती आहेत, त्यांत उच्च रक्तदाब हे सर्वांत मोठे कारण आहे. तुमच्या पतींच्या मेंदूचे जे नुकसान झाले तसेच नुकसान होण्याची वाट तुम्ही गेले दोन महिने मोकळी ठेवली आहे, आणि तीही अशा काळात की जेव्हा तुमची झोप तुटलेली आहे, जेवणाची वेळ राहिलेली नाही आणि मनावर चोवीस तास ओझे आहे. रक्तदाब वाढला तरी बहुतेकांना काही जाणवत नाही; डोके दुखत नाही म्हणजे सारे ठीक आहे, असे समजू नका. या आठवड्यातच सासूबाईंना दोन तास पतींजवळ बसवून तुम्ही जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जा. तिशीपुढील प्रत्येकाचा रक्तदाब व साखर तपासण्याची आणि औषध देण्याची सोय तिथे आहे. जुनी गोळी परस्पर विकत आणून सुरू करण्याऐवजी आधी मोजून घ्या आणि 'दोन महिने गोळी बंद होती' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. गोळी मिळाली की ती पतींच्या गोळ्यांच्या डब्यातच ठेवा, म्हणजे त्यांना देताना तुमचीही घेतली जाईल.

हे मी एवढ्या आग्रहाने लिहिते त्यामागे एक अभ्यासही आहे. आजारी पतीची किंवा पत्नीची घरी काळजी घेणाऱ्या ज्येष्ठांची अमेरिकेत चार वर्षे पाहणी झाली आणि तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. काळजी घेताना ज्यांना ताण जाणवत होता, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण अशी जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळले. जे काळजी घेत होते पण ज्यांना त्याचा ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात अशी ठळक वाढ दिसली नाही. ती माणसे तुमच्यापेक्षा वयाने मोठी होती आणि त्यांचा देशही निराळा होता, हे खरे. तरीही ताण हा केवळ मनाचा विषय नसून तो शरीरावर उतरतो, एवढे त्यातून नक्की समजते.

आता त्या रात्रीविषयी. सात महिन्यांच्या सुमारे दोनशे रात्री झाल्या आणि दर रात्री तुम्ही चार-पाच वेळा उठलात. म्हणजे आठ-नऊशे वेळा तुम्ही उठलात आणि एकदा उठला नाहीत. तुमचे मन त्या एकदाचाच हिशोब धरून बसले आहे. मी वैद्यकीय समाजसेविका म्हणून अनेक वर्षे रुग्णालयात काम केले. तिथे कोणत्याही परिचारिकेला सलग दोनशे रात्रपाळ्या लावत नाहीत, आणि तिला दिवसा घरी जाऊन झोपता येते. तुम्हाला रात्रपाळीनंतर दिवसपाळी असते आणि त्या दोहोंच्या मध्ये स्वयंपाक असतो. इतकी झोप तुटलेल्या माणसाच्या शरीराने एका रात्री उठण्यास नकार दिला, तर त्यावरून त्याच्या स्वभावाची परीक्षा करू नये.

माझ्या वडिलांना असाच झटका आला होता. एका दुपारी त्यांच्या डाव्या हातातून बशी कलंडली, चहा नुकत्याच बदललेल्या चादरीवर सांडला आणि मी त्यांच्यावर ओरडले. ते काही बोलू शकत नव्हते; त्यांनी धोतराच्या सोग्याने ती चादर टिपायला सुरुवात केली. ते गेल्याला पुष्कळ वर्षे झाली, पण तो सोगा मला अजून दिसतो. म्हणून 'मनाला लावून घेऊ नका' असे मी तुम्हाला सांगणार नाही; ते लागणारच. मी तुम्हाला वेगळे सुचवते, आणि त्या वेळी मला ते कोणी सुचवले असते तर बरे झाले असते. एखाद्या शांत दुपारी पतींजवळ बसा, त्यांचा डावा हात हातात घ्या आणि सांगा, "त्या रात्री मी जागी होते. फार दमले होते, म्हणून उठले नाही. तुम्हाला तसेच पडून राहावे लागले, माझे चुकले." त्यांना बोलता येत नाही, पण तुमच्या सुरावरून आणि चेहऱ्यावरून ते हे नक्की ओळखतील. 'सुटले असते तर' या विचाराबद्दलही लिहिते. वर्षानुवर्षे रुग्णाच्या उशाशी बसलेल्या कितीतरी बायका-पुरुषांनी तो माझ्यापाशी बोलून दाखवला, प्रत्येकाने आवाज खाली आणून, आणि प्रत्येकाला वाटत होते की असा विचार करणारे जगात आपण एकटेच. त्यांपैकी कोणीही रुग्णाचा घास चुकवला नव्हता. मात्र एक लक्षात ठेवा : रागाच्या भरात हात उचलला जाईल असे ज्या क्षणी वाटेल, त्या क्षणी त्यांना सुरक्षित बसवून खोलीबाहेर पडा, अंगणात उभ्या राहा, आणि त्याच दिवशी ते कोणाला तरी सांगा.

रात्री चार-पाच वेळा उठावे लागते हा मुळात वैद्यकीय प्रश्न आहे आणि तो डॉक्टरांपुढे मांडलाच पाहिजे. लघवीतील संसर्ग, वाढलेली साखर, या वयात पुरुषांना होणारा प्रोस्टेटचा त्रास, लघवीची गोळी संध्याकाळी दिली जाणे, खांद्याची वेदना, उदासी, अंधारात एकटे वाटणारी भीती, यांपैकी काहीही त्यामागे असू शकते आणि यांतील बहुतेक गोष्टींवर उपाय आहेत. आठ दिवस वहीत लिहून ठेवा की ते किती वाजता उठले आणि कशासाठी; ती वही पाहून डॉक्टरांना दहा प्रश्न कमी विचारावे लागतील. दिवसभराचे पाणी कमी करू नका, पण त्यातील अधिक भाग संध्याकाळी सहाच्या आत द्या. लघवीचे भांडे त्यांच्या डाव्या हाताला येईल असे खाटेलाच अडकवा आणि ते स्वतः वापरण्याचा सराव दिवसा करून घ्या. रात्रीपुरते डायपर वापरण्यात कमीपणा मानू नका, मात्र सकाळी लगेच बदला आणि कातडी कोरडी ठेवा. आणि आठवड्यातील दोन रात्री तुम्ही दुसऱ्या खोलीत, दार लावून झोपायचे आहे. ते कसे जमवायचे, ते पुढे सांगते.

आरतीचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण ते मुद्दाम करतात हा समज एकदा घरात रुजला की रुग्णाचे उरलेसुरले माणूसपणही हिरावले जाते. ताई, ते मुद्दाम करत नाहीत. उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुतेक माणसांत भाषेची मुख्य केंद्रे मेंदूच्या डाव्या बाजूस असतात, आणि शरीराची उजवी बाजूही मेंदूची डावी बाजूच चालवते. म्हणूनच उजवा हात आणि वाचा ही दोन्ही एकदम गेली. या वाचा जाण्याला वाचाघात म्हणतात. विचार करून, शब्द शोधून, वाक्य जुळवून बोलणे ही एक क्रिया आहे; आणि लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेली आरती, एक ते दहा अंक, वारांची नावे, रागात तोंडातून निसटणारी शिवी, ही दुसऱ्या प्रकारची, आपोआप घडणारी क्रिया आहे. पहिली मोडली तरी दुसरी पुष्कळदा शाबूत राहते, कारण तिचा भार मेंदूच्या वेगळ्या भागांवरही असतो. आमच्या वॉर्डात एक गृहस्थ होते; त्यांना 'पाणी' हा शब्द काही केल्या आठवत नसे, मात्र शेजारच्या खाटेवरील आजींनी रामरक्षा सुरू केली की ते तिच्या ओळीमागून ओळी म्हणत आणि मग स्वतःच चकित होऊन सगळ्यांकडे बघत. तुमचे नाव घेता येत नाही त्याचे कारण एवढेच, की नाव हे प्रत्येक वेळी शोधावे लागते. आणि एक विचार तुम्हीही करून पाहा : आपल्या पिढीच्या किती नवऱ्यांनी बायकोला नावाने हाक मारलेली असते? जो शब्द निरोगीपणीही फारसा उच्चारला नाही, तो आता पहिल्यांदा कसा येईल?

त्यांच्याशी बोलताना लहान वाक्ये वापरा आणि एका वेळी एकच गोष्ट विचारा. मोठ्याने बोलू नका, कारण कानांना काही झालेले नाही. 'चहा हवा का, की कॉफी, की आधी अंघोळ?' असे न विचारता कप दाखवून 'चहा?' एवढे विचारा आणि मग मनातल्या मनात दहापर्यंत मोजत थांबा. त्यांचे 'हो' पुष्कळदा 'नाही' असेल, म्हणून तोच प्रश्न उलटा विचारून खात्री करा. एका पुठ्ठ्यावर पाणी, लघवीचे भांडे, पंखा, चहा, दुखणे आणि घरातील प्रत्येकाचे छायाचित्र चिकटवून तो त्यांच्या डाव्या हाताशी ठेवा. चमचा वाजण्यामागचा निम्मा संताप त्याने उतरेल. पाहुण्यांदेखत 'ह्यांना ओळखता का, नाव सांगा बघू' अशी परीक्षा कोणालाही घेऊ देऊ नका. वाचोपचार तज्ज्ञांची मदत अजूनही घ्या, सात महिने झाले म्हणून वेळ गेली असे नाही. सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सर्वांत वेगाने होते हे खरे, पण नंतरही ती हळूहळू होत राहते, आणि वाचेच्या बाबतीत तर हे विशेष दिसते. सातारा-कराडकडे तज्ज्ञ सापडले नाहीत, तर मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच कामासाठी आहे; तिथे एकदा दाखवून घरी करण्याचा कार्यक्रम लिहून आणता येईल.

ते अकारण रडतात, जेवायला नको म्हणतात, भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, असे होत असेल तर डॉक्टरांना सांगा. पक्षाघातातून वाचलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश जणांना केव्हा ना केव्हा नैराश्य येते, आणि त्यावर औषध आहे. हा आजाराचाच भाग आहे, हट्टीपणा नाही.

आता घरातील माणसांकडे वळते. तुमच्या पत्रात आठ माणसे आहेत आणि उठणारी एकच आहे. आपल्याकडे या साऱ्याला 'सेवा' म्हणतात. तो शब्द चांगला आहे, पण त्याची एक अडचण अशी की सेवेला तास नसतात, सुट्टी नसते, ती वाटून घेता येत नाही आणि तिच्याबद्दल थकले असे म्हणणे म्हणजे पाप ठरते. म्हणून काही दिवस तुम्ही याला 'काम' म्हणून पाहा. एका कागदावर पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांच्यासाठी जे जे करता ते वेळेसह लिहा : तोंड धुणे, शौचाला नेणे, अंघोळ, व्यायाम, भरवणे, गोळ्या, कपडे धुणे, कूस बदलणे, औषधांच्या दुकानात जाणे, फोनवर प्रत्येक नातेवाइकाला तेच तेच सांगणे. ती यादी पाहून तुमचे तुम्हालाच आश्चर्य वाटेल. मग सगळ्यांना एका रविवारी बोलवा, दूरच्यांना व्हिडिओ कॉलवर घ्या, आणि तो कागद वाचून दाखवा. 'मला कोणी मदत करत नाही' या वाक्याने कोणीच जागचे हलत नाही. 'मंगळवार आणि शुक्रवारची रात्र कोण घेणार' हा प्रश्न विचारला की उत्तर द्यावेच लागते.

दिरांनी पैसे पाठवण्यात काही कमी केलेले नाही, तेव्हा त्यांना सांगा की यापुढील पैशातील ठरावीक वाटा रोज सकाळी दोन-तीन तास येणाऱ्या मदतनिसाच्या पगाराचा असेल. सासूबाईंचा आक्षेप बाहेरच्या बाईला आहे ना? मग पुरुष ठेवा. रुग्णालयातून निवृत्त झालेला वॉर्डबॉय किंवा असे काम केलेला एखादा विश्वासू माणूस तालुक्याच्या गावी चौकशी केल्यास मिळतो. ५४ वर्षांच्या पुरुषाला दुसऱ्या पुरुषाकडून अंघोळ घालून घेणे अधिक सोपे जाते, आणि उचलण्याचे बळही त्याच्या अंगात असते. सासूबाईंशी मात्र वाद घालू नका. त्यांचा तो मुलगा आहे; म्हातारपणी त्याने आपल्याला पाणी पाजायचे, तर तोच असा पडला आहे, हे त्यांचे दुःख कोणी विचारलेले नसणार. दुपारी चार ते सहा त्यांनी त्याच्याजवळ बसावे, जुन्या गोष्टी बोलाव्यात, आरती-स्तोत्रे म्हणावीत. त्यात त्यालाही सराव होईल, आणि ते दोन तास तुमचे असतील. ते दोन तास भांडी घासण्यात घालवू नका.

नणंदबाईंना राग न धरता एवढेच सांगा, "ताई, औषध सांगू नका, आठ दिवस राहायला या." भावावर त्यांचे प्रेम आहे, ते त्यांना फोनवरून दाखवता येत नाही म्हणून उपचारांची यादी वाढते आहे. त्या आल्या की त्यांना रात्र द्या. एका आठवड्यानंतर त्यांच्या सल्ल्याचा सूर बदललेला असेल. कबुतराच्या रक्ताबद्दल मात्र कसलीही भीड न ठेवता लिहिते : पक्षाघाताची इजा मेंदूत असते, हाताच्या कातडीवर नाही, त्यामुळे कोणत्याही रक्ताने किंवा तेलाने ती भरून येत नाही. हलक्या हाताने तेल लावल्यास बरे वाटत असेल तर जरूर लावा; पण एखाद्या गावच्या औषधासाठी रक्तदाबाच्या व रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या थांबवल्या, तर दुसऱ्या झटक्याला आमंत्रण दिल्यासारखे होईल.

मुलीला नोकरी सोडू देऊ नका. मला ठाऊक आहे, ती येते म्हणाली तेव्हा तुमचा जीव भांड्यात पडला असेल. तरीही सांगते, कारण हे काम महिन्यांचे नाही, वर्षांचे आहे. तिचा पगार, तिचे आयुष्य आणि पतींखेरीज कमावणारे एक माणूस असणे या तिन्ही गोष्टी घराला लागणार आहेत. पुण्याहून महिन्यातून दोनदा शनिवार-रविवारी येऊन तिने दोन्ही रात्री घ्याव्यात आणि सर्व कागदपत्रे व ऑनलाइन अर्ज तिच्याकडे द्यावेत. मुलाला बारावी आहे म्हणून त्याला या सगळ्यापासून पूर्ण बाजूला ठेवणेही बरे नाही. रविवारी सकाळी वडिलांची दाढी करण्याचे काम त्याला द्या. वीस मिनिटांचे काम आहे, आणि वडील-मुलगा एकमेकांच्या इतक्या जवळ दुसऱ्या कोणत्याही निमित्ताने येणार नाहीत.

व्यायामावरून कोणी तुम्हाला बोल लावत असेल, तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. आपल्याच देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. घरच्या एका माणसाला शिकवून त्याच्याकडून रुग्णाचे पुनर्वसन करवून घेतल्याने काय साधते, हे तीत तपासले होते. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन यांत, नेहमीचे उपचार मिळालेल्या गटाच्या तुलनेत फरक आढळला नाही. याचा अर्थ व्यायाम सोडून द्यावा असा नाही. फिजिओथेरपिस्टनी सांगितलेला व्यायाम करत राहा. अर्थ एवढाच, की ते आजवर चालू लागले नाहीत याचा दोष तुमच्या हातांना देता येत नाही.

त्यांना उठवताना दुबळ्या हाताला धरून कधीही ओढू नका, त्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असतात आणि सांधा निसटतो. रात्रीच्या वेदनेचे मूळ अनेकदा तिथेच असते. कमरेभोवती रुंद पट्टा बांधून त्याला धरा, खुर्ची त्यांच्या डाव्या अंगाला ठेवा, स्वतःचे गुडघे वाकवा आणि पाठ ताठ ठेवा, नाहीतर तुमचीच कंबर धरेल. सदरा पुढून उघडणारा असावा. घालताना आधी दुबळा हात, काढताना तो शेवटी. जेवताना ताठ बसवा, जेवणानंतर अर्धा तास आडवे करू नका आणि उजव्या गालात घास साठलेला नाही ना, ते पाहा. पाणी पिताना ठसका लागत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

आता स्वेच्छानिवृत्ती. ताई, त्या अर्जावर अंगठा उमटवू देऊ नका, निदान पुढील मजकूर वाचून सल्ला घेईपर्यंत तरी नाही. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा कलम २० मध्ये सांगतो की सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला शासकीय आस्थापनेने कामावरून काढता येत नाही आणि त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत व त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर घ्यावे लागते; तसे पद नसेल, तर ते मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर संख्येपेक्षा जादा निर्माण केलेल्या पदावर ठेवावे लागते. त्यांना अजून काही वर्षांची सेवा बाकी आहे. आपणहून अर्ज दिला की हे संरक्षण हातचे जाते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रियांना आणि दिव्यांग व्यक्तींना वकिलाचा सल्ला मोफत मिळतो, तिथे मुलीला घेऊन जा. त्याआधी शासकीय रुग्णालयातून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांग व्यक्तींना शासनाकडून मिळणारे) ओळखपत्र यांसाठी अर्ज करा. हातापायांची अक्षमता आणि वाचाघात या दोन्हींची नोंद करण्यास आवर्जून सांगा, कारण वाचा गेल्याचे सांगण्याचे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. प्रमाण ४० टक्के किंवा अधिक असल्यास बहुतेक सवलती लागू होतात. बँकेत त्यांची सही जुळणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी खातेदाराचा अंगठा चालतो. बँकेला माहीत असलेले दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा. शाखेत कोणी माहिती नसल्यासारखे केले, तर शाखाधिकाऱ्यांना लेखी विनंती द्या.

याच कायद्यात काळजीवाहक या शब्दाचीही व्याख्या आहे, आणि तीत मोबदला घेऊन किंवा न घेता दिव्यांग व्यक्तीची काळजी घेणारे कुटुंबीय स्पष्टपणे धरले आहेत. तुम्ही जे करता त्याला देशाच्या कायद्यात नाव आहे, हे तुम्हाला ठाऊक असावे असे वाटले.

शेजारणीचे वाक्य मी शेवटी ठेवले, कारण तेच मला सर्वांत जास्त बोचले. ती वाईट हेतूने म्हणाली नसेल. पण नवरा हयात आहे म्हणून बाईने रडू नये, हे कोणी ठरवले? संध्याकाळी चपला काढता काढता कार्यालयातील गोष्ट सांगणारा, बाजारातून येताना गजरा आणणारा किंवा न आणणारा, मुलांवरून तुमच्याशी भांडणारा जो माणूस होता, तो त्या पहाटे गेला, आणि त्याच चेहऱ्याचा दुसरा माणूस तुम्ही रुग्णालयातून घरी आणला. या जाण्याला दहावा नाही, तेरावा नाही, भेटायला येणारी माणसे नाहीत. बायको म्हणून जे होते ते थांबले आणि परिचारिका म्हणून जे सुरू झाले त्याला अंत दिसत नाही. याचे रडू येणारच, आणि ते कोणापुढे तरी यावे. घरात तसे कोणी नसेल तर १४४१६ हा टेली-मानस सेवेचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवा. २०२२ पासून सुरू असलेली ही शासनाची मोफत सेवा चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. झोप लागण्याची संधी मिळूनही लागत नसेल, सकाळी उठण्यातच अर्थ वाटत नसेल किंवा स्वतःला संपवण्याचा विचार आला, तर थांबू नका, त्याच दिवशी फोन करा आणि मुलीलाही सांगा.

घरातील सर्वांनी, बारावीच्या मुलानेही, एवढे पाठ करावे : तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात वर न राहणे, बोलणे अडखळणे, यांपैकी काहीही अचानक दिसले तर १०८ ला फोन करायचा आणि सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात न्यायचे. रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. पतींना आधीच उजव्या बाजूची लक्षणे आहेत, म्हणून त्यांच्यात नवा बदल कोणता, एवढे पाहायचे. आणि ही लक्षणे त्यांच्याप्रमाणेच तुमच्यातही ओळखता आली पाहिजेत, हे मुलाला मुद्दाम सांगा.

तुम्ही विचारले, मी वाईट बाई आहे का. नाही. तुम्ही फार दमलेली बाई आहात, आणि दमणे ही गोष्ट माणसे वाटून घेऊन, झोप मिळवून आणि औषध घेऊन कमी करता येते. पुढील पत्र महिन्याभरात लिहा. त्यात पतींविषयी सविस्तर लिहाच; पण पहिल्या ओळीत, कंसाबाहेर, तुमच्या रक्तदाबाचे दोन आकडे आणि शेवटची सलग सहा तास झोप कोणत्या रात्री मिळाली, ते लिहून पाठवा.